दोन मुरुड

कोकणच्या किनाऱ्यावर मुरुड या नावाची दोन गावे आहेत. एक रायगड जिल्ह्यातले, जंजिऱ्याच्या किल्ल्याजवळचे. दुसरे रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले. जंजिऱ्याच्या मुरुडहून दक्षिणेस निघावे, राजपुरीची खाडी ओलांडून दिघीस उतरावे, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही गावे मागे टाकावी, सावित्री नदी जेथे सागरास मिळते ती बाणकोटची खाडी पार करावी आणि वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै करीत पुढे जावे, म्हणजे दुसरे मुरुड येते. दोन्हीकडे तीच वाळू, त्याच नारळी-पोफळीच्या बागा आणि तोच भरती-ओहोटीचा खेळ. नावाचे आणि निसर्गाचे हे साम्य कोणाच्याही ध्यानात येण्यासारखे आहे. परंतु या दोन गावांमध्ये आणखी एक नाते आहे व ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विद्या मिळवणे ही एक गोष्ट आणि विद्या देता येणे ही दुसरी गोष्ट, हे ओळखणारी दोन माणसे या दोन गावांशी जोडली गेली. त्यांपैकी एक होती राजवाड्यात वावरणारी विदुषी आणि दुसरा होता गरीब घरातला विद्यार्थी.

जंजिऱ्याच्या मुरुडला येणारा प्रवासी प्रथम पाहतो तो समुद्रातला किल्ला. ‘जझीरा’ या अरबी शब्दाचा अर्थ बेट. त्यावरूनच ‘जंजिरा’ हे नाव पडले. येथे सिद्दींचे राज्य होते. सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतले. त्यांनी या जलदुर्गाच्या बळावर शतकानुशतके आपली सत्ता राखली. पुढे दिवस पालटले, तोफा थंडावल्या आणि राज्याचा कारभार किल्ल्यातून किनाऱ्यावरच्या मुरुड गावी आला. गावाबाहेर, समुद्रासमोरच्या उंचवट्यावर नबाबांचा राजवाडा उभा राहिला. नबाब सिद्दी अहमदखान यांच्या कारकिर्दीत या राजवाड्यात नाझली बेगम या राणी म्हणून नांदत होत्या. त्यांच्या दोन बहिणींचेही जंजिऱ्याशी जवळचे संबंध होते. थोरल्या जोहरा बेगम आणि धाकट्या अतिया बेगम. तिघीही सुशिक्षित होत्या, तिघीही लिहीत असत. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या आप्तपरिवारातल्या या बहिणी. त्या घराण्यात मुलींनी शिकावे याविषयी दुमत नव्हते.

अतिया बेगम यांचा जन्म १८७७ साली तुर्कस्तानातील इस्तंबूल या नगरीत झाला. त्यांचे वडील व्यापारानिमित्त तेथे राहत असत. त्या काळी बहुतेक घरांतील मुलींचे शिक्षण अक्षरओळखीपाशीच थांबे. अतिया बेगम यांना मात्र अनेक भाषांचा, वाचनाचा आणि संगीताचा लाभ झाला. ज्याला पुष्कळ मिळाले त्याने ते इतरांस द्यावे, हा विचार त्यांच्या मनात होता. परंतु द्यायचे म्हणजे काय करायचे? आपल्याला एखादी गोष्ट येते, एवढ्यावर ती दुसऱ्याला शिकवता येते काय?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्याला उत्तम पोहता येते त्याला पोहणे शिकवता येतेच असे नाही. शिकणाऱ्याला पाण्याची भीती का वाटते, तो हात कोठे चुकवतो, त्याला केव्हा धरावे आणि केव्हा सोडावे, हे ज्याला कळते तोच शिक्षक. गणिताचे असो, भाषेचे असो, गाण्याचे असो, शिकवण्याचे म्हणून एक स्वतंत्र शास्त्र आहे आणि ते शिकावे लागते. पाठाची आखणी कशी करावी, मुलाच्या वयानुसार प्रश्न कसा विचारावा, चुकलेल्याला न दुखवता कसे सावरावे, हे त्या शास्त्राचे विषय. शिक्षक होऊ पाहणारे लोक अनुभवी शिक्षकांचे वर्ग पाहतात, मग स्वतः मुलांपुढे पाठ देतात आणि त्या पाठातील दोष ऐकून घेतात. स्वतःच्या शिकवण्यातले दोष शांतपणे ऐकून घेणे हा या शिक्षणातला सर्वांत कठीण भाग होय.

लंडन शहरात ‘मेरिया ग्रे प्रशिक्षण महाविद्यालय’ या नावाची एक संस्था होती. स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या मेरिया ग्रे या विदुषींच्या प्रयत्नाने ती १८७८ साली सुरू झाली. मुलींच्या माध्यमिक शाळांना प्रशिक्षित शिक्षिका पुरवाव्या हा तिचा उद्देश होता. इंग्लंडातही त्यापूर्वी अशा शिक्षिकांना प्रशिक्षण देण्याची सोय नव्हती. सुशिक्षित बाईला शिकवता येणारच, अशी तेथील लोकांचीही समजूत होती. ही समजूत मोडण्याचे काम या संस्थेने केले. सप्टेंबर १९०६ मध्ये अतिया बेगम सरकारी शिष्यवृत्ती घेऊन या महाविद्यालयात शिकण्यासाठी समुद्रपार गेल्या. तेव्हा त्यांचे वय एकोणतीस वर्षांचे होते.

हिंदुस्थानातील एका मुसलमान घराण्यातील स्त्रीने शिक्षिका होण्यासाठी विलायतेस जावे, ही त्या काळी मोठ्या धाडसाची गोष्ट होती. लंडनमध्ये अतिया बेगम यांनी जे पाहिले, ऐकले, अनुभवले ते त्या थोरल्या बहिणीस, जोहरा बेगम यांस, पत्रांतून कळवीत राहिल्या. शाळा, ग्रंथसंग्रह, व्याख्याने, भेटलेली माणसे या सर्वांचे वर्णन त्या करीत. पुढे कवी म्हणून कीर्ती पावलेले महंमद इक्बाल हे त्या वेळी युरोपात शिकत होते. त्यांचीही अतिया बेगम यांच्याशी तेथे ओळख झाली. ही रोजनिशी लाहोरहून निघणाऱ्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या उर्दू नियतकालिकात क्रमाने छापली जाऊ लागली. ज्या स्त्रियांना घराचा उंबरठाही सहसा ओलांडता येत नसे, त्या घरात बसून लंडनच्या महाविद्यालयातली दिनचर्या वाचू लागल्या. अतिया बेगम यांनी प्रत्यक्ष वर्गात उभ्या राहून दिलेले पाठ किती थोडे असतील! परंतु या पत्रांनी न पाहिलेल्या शेकडो घरांत त्यांनी एक मोठा वर्ग चालवला असेच म्हणावे लागते. १९२१ साली ही रोजनिशी ‘जमाना-ए-तहसील’, म्हणजे ‘अध्ययनाचा काळ’, या नावाने ग्रंथरूपाने निघाली.

ज्या अभ्यासक्रमासाठी अतिया बेगम गेल्या होत्या तो मात्र त्यांच्या हातून पुरा झाला नाही. प्रकृती ढासळली आणि १९०७ साली, पदवी वा प्रमाणपत्र न घेताच, त्यांना मायदेशी परतावे लागले. एवढ्या दूर जाऊन रिकाम्या हाताने परत येणे हे कोणाच्याही जिव्हारी लागणारे होते. परंतु त्यांनी एक गोष्ट पाहून आणली होती. एखादी विद्या टिकवायची तर ती एका गुणी माणसावर सोडून चालत नाही. तिच्यासाठी शाळा हवी, अभ्यासक्रम हवा आणि तयार शिक्षक हवेत. हीच दृष्टी त्यांनी पुढे आपल्या दुसऱ्या आवडत्या विद्येकडे, संगीताकडे, वळवली.

त्या वेळी आपल्या देशात संगीताची अवस्था विचित्र होती. गाणे अमोल होते, परंतु ते गवयांच्या घराण्यांत बंद होते. उस्ताद आपल्या मुलाला वा निवडक शिष्यालाच खरी विद्या देत. ज्याला मूल नाही वा मनाजोगा शिष्य मिळाला नाही त्याच्याबरोबर त्याची विद्याही जाई. एखादा जुना गवई निवर्तला म्हणजे जणू एक अख्खा ग्रंथसंग्रहच जळून जाई. आणि स्त्रियांची स्थिती याहून बिकट होती. गाणे हा ज्यांचा व्यवसाय होता त्या स्त्रिया गात, पण त्यांना समाज मान देत नसे. ज्यांना मान होता त्या घरंदाज स्त्रियांनी चारचौघांत गावे हे शिष्टसंमत नव्हते. ओवी, अंगाई आणि मंगळागौरीची गाणी एवढेच त्यांच्या वाट्याचे संगीत होते.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातील दोन विष्णूंनी आरंभिले होते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. शुल्क भरून, वेळापत्रकाप्रमाणे, कोणालाही गाणे शिकता यावे अशी ही शाळा होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे व्यवसायाने वकील. परंतु ते देशभर हिंडले, गवयांना भेटले, त्यांच्या चिजा मिळवून त्यांनी त्या स्वरलिपीत उतरवल्या. अतिया बेगम यांनीही या कार्यात आपला वाटा उचलला. १९१२ साली त्यांचा विवाह सॅम्युएल रहमीन या चित्रकाराशी झाला. पुण्यास जन्मलेले रहमीन हे बेने इस्राएल समाजातले. कोकणच्या याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला व मराठी बोलणारा हा ज्यू समाज होय. विवाहानंतर दोघांनीही एकमेकांचे नाव आपल्या नावास जोडले आणि दोघेही ‘फैजी-रहमीन’ झाले. १९१४ साली अतिया बेगम यांचा ‘इंडियन म्युझिक’ हा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानी राग, ताल आणि वाद्ये यांची ओळख परक्या वाचकांस करून देणाऱ्या या ग्रंथाला त्यांच्या पतीच्या चित्रांची जोड होती.

मार्च १९१६ मध्ये बडोदे येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. महाराज सयाजीराव गायकवाड यांचा आश्रय आणि भातखंडे यांची योजना असा योग जुळून आला होता. नामांकित गवई आणि संगीताचे अभ्यासक तेथे जमले होते. या सभेत अतिया बेगम उपस्थित होत्या आणि संगीतासाठी साऱ्या देशाची अशी एक विद्यासंस्था असावी, या विचाराचा त्यांनी पुरस्कार केला. गवयांच्या आणि पंडितांच्या त्या मेळाव्यात एका स्त्रीने उभे राहून संस्थेची मागणी करावी, हा प्रसंग स्मरणात ठेवण्याजोगा आहे. पुढे संस्थेच्या स्वरूपाविषयी मतभेद झाले आणि अतिया बेगम यांच्या मनातील संस्था त्यांच्या कल्पनेप्रमाणे उभी राहिली नाही. लंडनचा अभ्यासक्रम अपुरा राहिला तशी ही योजनाही त्यांच्या हातून अपुरीच राहिली.

आता दुसऱ्या मुरुडकडे वळू. १८५८ साली जन्मलेला धोंडो केशव कर्वे हा मुलगा या गावी लहानाचा मोठा झाला. घरची स्थिती बेताची, पण वृत्ती मानी. मराठी सहावीची परीक्षा दिली तर शिक्षकाची नोकरी मिळू शके. त्या परीक्षेसाठी १८७५ साली, पावसाळ्याच्या दिवसांत, हा मुलगा काही सोबत्यांसह पायी साताऱ्यास निघाला. शंभराहून अधिक मैलांची ती वाट. चिखल तुडवीत, कुंभार्ली घाट चढून मुले साताऱ्यास पोहोचली. परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिले आणि ‘याचे वय परीक्षेपुरते दिसत नाही’ म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. वय खरोखर पुरे होते. दिसत नव्हते एवढेच. आला तसा तो मुलगा परत निघाला.

एका मुरुडचा मुलगा साताऱ्याहून आणि दुसऱ्या मुरुडशी निगडित असलेली विदुषी लंडनहून, अशी दोघेही शिक्षक होण्याच्या वाटेवरून एकदा रिकाम्या हाताने परतली. दोघांनीही ती वाट सोडली नाही.

कर्वे यांनी पुढे ती परीक्षा दिली, इंग्रजी शिक्षण घेतले, ते मुंबईत पदवीधर झाले आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. विधवा स्त्रियांची दुःस्थिती पाहून त्यांचे मन व्याकूळ होई. १८९३ साली त्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला. त्याबद्दल मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि थोड्याच वर्षांत तो पुण्याबाहेरच्या हिंगणे या खेड्यात नेला. जागा दान मिळालेली, इमारत म्हणजे एक साधी झोपडी. महाविद्यालयातले काम आटोपले की कर्वे चार मैल चालत हिंगण्यास जात, तेथे शिकवीत आणि सकाळी पुन्हा चालत पुण्यास येत. पावसाळ्यात या वाटेवर गुडघाभर चिखल होई. साताऱ्याची वाट तुडवलेल्या पायांना त्याचे भय नव्हते.

पुढे कर्वे यांच्या हाती जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. टोकियो येथील ते विद्यापीठ १९०१ साली सुरू झालेले. ती वाचून कर्वे यांच्या मनात विचार आला, की असे विद्यापीठ आपल्याकडे का असू नये? जून १९१६ मध्ये हिंगणे येथे महिला विद्यापीठाचा आरंभ झाला. बडोद्याच्या संगीत परिषदेला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले. सरकारची मान्यता नाही, भांडवल नाही, भव्य इमारत नाही, विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. विद्यापीठ म्हटले म्हणजे डोळ्यांपुढे मोठे शहर आणि उंच मनोरे येतात; हे विद्यापीठ मात्र खेड्याच्या मातीत जन्मले. शिक्षण मातृभाषेतून द्यावे, इंग्रजी ही एक भाषा म्हणून शिकवावी, असा त्याचा नियम होता. गृहजीवनशास्त्र आणि मानसशास्त्र यांचा अभ्यास विद्यार्थिनींना करावा लागे. ऐच्छिक विषयांत संगीत आणि चित्रकला यांनाही स्थान होते. मुलीच्या गळ्यातले गाणे हा आता लपवण्याचा गुण राहिला नाही. तो विद्यापीठाच्या अभ्यासाचा विषय झाला.

विद्यापीठाला जोडूनच १९१७ साली कर्वे यांनी प्राथमिक शिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापिकाशाळा काढली. मुलींच्या शाळा वाढवायच्या तर शिक्षिका पाहिजेत, आणि शिक्षिका आकाशातून पडत नाहीत, हे साधे सत्य त्यांनी जाणले होते. ज्या विधवेला घरात कोणी विचारीत नसे ती येथे शिकून एखाद्या गावच्या शाळेत ‘बाई’ म्हणून उभी राही. तिला वेतन मिळे, त्याहून अधिक म्हणजे मान मिळे. दहा वर्षांच्या मुलीने अदबीने तिला नमस्कार केला म्हणजे तिच्या आयुष्याला पुन्हा अर्थ येई.

या विद्यापीठाने आपल्या पदव्यांना दिलेली नावे मननीय आहेत. पहिल्या पदवीचे नाव ‘गृहीतागमा’. आगम म्हणजे शास्त्र, विद्या. जिने विद्या ग्रहण केली ती गृहीतागमा. त्यावरच्या पदवीचे नाव ‘प्रदेयागमा’. प्रदेय म्हणजे देण्याजोगे. जिच्याजवळची विद्या आता इतरांस देण्याजोगी झाली ती प्रदेयागमा. घेणे ही पहिली पायरी आणि देणे ही दुसरी, हा सारा शिक्षणविचार या दोन शब्दांत सामावला आहे. लंडनच्या महाविद्यालयात अतिया बेगम जे शिकण्यास गेल्या होत्या, तेच या दुसऱ्या शब्दाने सांगितले आहे.

हे रोपटे वाढले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावावरून ते ‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ’ झाले. १९३६ साली त्याचे मुख्य ठाणे मुंबईस गेले आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ साली त्याला कायद्याने विद्यापीठाचा पूर्ण दर्जा मिळाला. शिक्षकांचे शिक्षण आणि संगीत या दोन्ही शाखा त्यात बहरल्या. १९७९ पासून १९९२ पर्यंत या विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या डॉ. प्रभा अत्रे. श्रेष्ठ गायिका, ग्रंथकर्त्या आणि अध्यापिका या तिन्ही भूमिका त्यांच्या ठायी एकवटल्या होत्या. मैफलीत गावे आणि सकाळी वर्गात जाऊन विद्यार्थिनींना रागाचे चलन समजावून सांगावे, असे जीवन शंभर वर्षांपूर्वीच्या घरंदाज स्त्रीच्या स्वप्नातही आले नसते. कर्वे यांचे हिंगणे आज पुण्याचा भाग झाले आहे व त्या परिसराला ‘कर्वेनगर’ म्हणतात.

कर्वे स्वतः मात्र शहरात रमले नाहीत. खेड्याचा विसर त्यांना कधी पडला नाही. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे शाळा काढाव्या, हा त्याचा हेतू होता. त्यासाठी हे वृद्ध गृहस्थ दारोदार फिरून वर्गणी गोळा करीत. १९५८ साली, त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाच्या वर्षी, राष्ट्राने त्यांना ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च मान दिला. १९६२ साली ते निवर्तले.

आणि अतिया बेगम यांनी बडोद्यास मांडलेल्या मागणीचे पुढे काय झाले? भातखंडे यांच्या अविरत प्रयत्नांनी १९२६ साली लखनौ येथे संगीताचे महाविद्यालय निघाले. ते आज भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. १९५६ साली त्या वेळच्या मध्य प्रदेशातील व आता छत्तीसगडमधील खैरागड या लहानशा गावी, तेथील राजघराण्याने दिलेल्या राजवाड्यात, इंदिरा कला संगीत विद्यापीठ सुरू झाले. भातखंडे यांचे शिष्य पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याचे कुलगुरुपद भूषवले. मोठ्या शहरापासून दूर, खेड्यांच्या परिसरात, संगीताचे विद्यापीठ नांदू शकते हे खैरागडने दाखवून दिले. हे सारे अतिया बेगम यांनी केले असे कोणी म्हणणार नाही. परंतु जी गोष्ट पुढे घडली ती व्हावी, असे भर सभेत म्हणणाऱ्यांत त्या होत्या. १९४८ साली त्या पती व बहिणीसह कराचीस गेल्या. तेथे त्यांची अखेरची वर्षे कष्टाची गेली आणि १९६७ साली त्यांचे निधन झाले. ज्या महाविद्यालयाचा अभ्यासक्रम त्यांना पुरा करता आला नाही तेही कालांतराने दुसऱ्या संस्थांत मिसळत जाऊन लंडनच्या एका विद्यापीठाचा भाग बनले.

कर्वे यांची कीर्ती दिगंत पसरली. अतिया बेगम यांचे नाव मागे पडले. असे का व्हावे? एकाने कल्पना मांडली आणि तिच्यासाठी झोपडी बांधली, चिखल तुडवला, पै-पै जमवली, माणसे तयार केली. दुसरीने कल्पना मांडली. पण प्रकृतीने आणि परिस्थितीने तिला एका जागी पाय रोवू दिले नाहीत. म्हणून पहिल्याचे मोठेपण मानताना दुसरीचे ऋण विसरणे योग्य नव्हे. वाट पाहून येणारा आणि वाट बांधणारा, दोघेही हवे असतात. पाहून येणाऱ्याने सांगितले नसते तर बांधणाऱ्याला दिशा कोठून मिळाली असती? जपानमधील विद्यापीठाची पुस्तिका लिहिणाऱ्याने ती लिहिली म्हणूनच हिंगण्यास विद्यापीठ झाले, हेही तितकेच खरे.

राजपुरीच्या धक्क्यावरून आजही होड्या प्रवाशांना घेऊन किल्ल्याकडे निघतात. किल्ल्यातल्या तोफा पाहून मुले चकित होतात. ती शस्त्रे ज्यांच्यापाशी होती त्यांच्या हातून ती निसटली आणि आता गंजत पडली आहेत. विद्येचे तसे नाही. शस्त्र दुसऱ्याला दिले तर आपल्यापाशी उरत नाही. विद्या दिली तर ती दोघांपाशी राहते. मात्र ती देण्याची कला शिकावी लागते आणि ती शिकवण्याचे घर कोणीतरी बांधावे लागते. एका मुरुडने ती कला शिकण्यासाठी सात समुद्र ओलांडले. दुसऱ्या मुरुडने तिच्यासाठी माळावर घर बांधले. या किनाऱ्यावरच्या कोणत्याही शाळेत एखादी मुलगी मागच्या बाकावरच्या मैत्रिणीला अडलेले गणित समजावून सांगते, किंवा प्रार्थनेचा चुकलेला स्वर हळूच लावून देते, तेव्हा ती या दोघांचेही काम पुढे चालवीत असते.

स्वाध्याय

१. ‘विद्या मिळवणे ही एक गोष्ट आणि विद्या देता येणे ही दुसरी गोष्ट’ हे विधान पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. अतिया बेगम लंडनहून परतताना कोणती दृष्टी घेऊन आल्या?
३. जुन्या काळी गवई निवर्तला म्हणजे ग्रंथसंग्रह जळाल्यासारखे होई, असे लेखकाने का म्हटले आहे?
४. ‘गृहीतागमा’ आणि ‘प्रदेयागमा’ या शब्दांचे अर्थ सांगा व त्यांतून कोणता शिक्षणविचार व्यक्त होतो ते लिहा.
५. साताऱ्याचा प्रवास आणि लंडनचा प्रवास यांतील साम्य व भेद आपल्या शब्दांत मांडा.
६. जिव्हारी लागणे, पाय रोवणे, कोंडी फोडणे या वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.
७. आपल्या गावातील शाळा कोणी, केव्हा व कोणत्या परिस्थितीत सुरू केली याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा आणि ती पंधरा ओळींत लिहून काढा.